डाइमवरचं अक्षर

अमेरिकेहून आलेल्या माणसाच्या बॅगेत कुठल्या तरी कप्प्यात चिल्लर उरतेच, आणि त्या चिल्लरीत सगळ्यात आधी नजरेआड होतो तो दहा सेंटांचा डाइम. व्यास १७.९१ मिलिमीटर, वजन सव्वादोन ग्रॅमच्या किंचित वर. पाच सेंटांचं निकेल त्याहून मोठं, एका सेंटाची पेनीसुद्धा मोठी. त्यात नाण्यावर १० हा आकडाच नाही, नुसतं ‘वन डाइम’. पाहुण्याने ओळखायचं तरी कशावरून!

नाणं कुठल्या टांकसाळीत पाडलं, ते त्यावरच्या खुणेवरून कळतं. आपल्याकडे सालाखाली चौकट दिसली की मुंबई, चांदणी दिसली की हैदराबाद, काहीच नसेल तर कोलकाता, हे दुपारच्या रिकामपणी चिल्लर चाळणाऱ्या पोरांना तोंडपाठ असतं. तिकडेही थोरल्या टांकसाळीचा तोरा तोच. डेन्व्हर ‘डी’ टाकते, सॅन फ्रान्सिस्को ‘एस’. थोरल्या फिलाडेल्फियाने मात्र १९७९ पर्यंत डाइमवर काहीच टाकलं नाही. १९८० पासून ‘पी’ आला.

अक्षर कुठे शोधायचं, ते सालावर ठरतं. रूझवेल्टचा डाइम १९४६चा. पोलिओच्या निधीसाठी लोक डाइम पाठवत, म्हणून त्या आजाराने ग्रासलेल्या या अध्यक्षाचा चेहरा नेमका याच नाण्यावर आला. १९६४ पर्यंत अक्षर मागच्या बाजूला, मशालीच्या बुडाशी डावीकडे. १९६५ ते १९६७ अक्षरच नाही. नाण्यांचा तुटवडा होता आणि त्याचं खापर अक्षरं बघून नाणी साठवणाऱ्या संग्राहकांवर फुटलं. १९६८ पासून ते चेहऱ्याच्या बाजूला, सालाच्या वर.

आता गंमत अशी, की १९७९चा बिनअक्षरी डाइम दहा सेंटांचाच. १९८२चा बिनअक्षरी मात्र पन्नास-शंभर डॉलरांच्या घरात जातो. त्या वर्षी फिलाडेल्फियात ‘पी’ न ठोकलेला ठसा छपाईला लागला. त्यातही छाप ठसठशीत असेल तर भाव जास्त, पुसट असेल तर कमी. पण सालाच्या वर भिंगातून नीट बघावं: अर्धवट उमटलेला ‘पी’ म्हणजे काहीच नसणं नव्हे. ठशात ग्रीस साचलं की अक्षर असं बुजतं, आणि तसल्या नाण्याला कुणी विचारत नाही.

जुने डाइम चांदीचे. ते ओळखायला भिंगही नको. नाणं उभं धरून काठ बघा. तांब्याची तपकिरी रेघ दिसली की १९६५चं किंवा त्यानंतरचं. काठ सलग पांढरा आणि वजन अडीच ग्रॅमच्या आसपास असेल, तर ९० टक्के चांदी. औंसाच्या चालू भावाला ०.०७२३ ने गुणलं की त्याची धातूकिंमत निघते. झिजल्या नाण्यात थोडी कमी. सर्वसाधारण सालाच्या झिजलेल्या नाण्याला याहून फारसं कुणी देत नाही, मग अक्षर कुठलंही असो.

अपवाद १९१६-डी. त्यावर टोपीला पंख असलेली लिबर्टी, म्हणजे स्वातंत्र्यदेवी, पण लोक तिला पंखांच्या टोपीच्या रोमन देवावरून मर्क्युरी म्हणतात. डेन्व्हरने त्या साली असे २,६४,००० डाइम पाडले. झिजून गुळगुळीत झालेलंही शेकडो डॉलरांना जातं, म्हणून फिलाडेल्फियाच्या साध्या नाण्यावर ‘डी’ चिकटवण्याचा धंदा जुना आहे. मागच्या बाजूला ‘वन’च्या शेवटच्या अक्षराशेजारी दहापट भिंग लावावं. खरं अक्षर पृष्ठभागातूनच वर आलेलं असतं. बनावटाच्या कडेला जोडाची बारीक रेघ किंवा रंगाचा फरक दिसतो. जागाही अस्सल नाण्याच्या फोटोशी ताडून पाहावी.

आणि कृपा करून चिंच-मीठ लावू नये. देव्हाऱ्यातल्या ताम्हनाला शोभतं ते नाण्याला शोभत नाही. घासलेला डाइम लखलखतो खरा, पण भिंगाखाली एका दिशेच्या बारीक रेघा दिसल्या की संग्राहक तो परत तुमच्या हातात ठेवतो. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात राहून हिरवट चिकट थर आला असेल, तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून काढावा, न चोळता वाळू द्यावा. नेलपॉलिश काढायचं द्रावण चालत नाही, त्यात सुवास आणि तेल मिसळलेलं असतं.

राहता राहिला १८९४-एस. सॅन फ्रान्सिस्कोने २४ पाडले, कशासाठी यावर आजही वाद आहेत, आणि आज ठाऊक असलेले नऊच्या आसपास. भाव दहा लाख डॉलरांच्या वर. बाकीचे खर्ची पडले असतील कुठेतरी. तुमच्या डब्यात त्यातला एखादा निघाला, तर ‘एस’ मागाहून चिकटवलाय असंच धरून चालावं.