आहे तिच्यावरच खर्च करू की सरळ नवी घेऊ?

परदेशात येऊन सायकलीचा नाद लागला की लवकरच आजूबाजूचे कार्बनवाले, म्हणजे हलक्या, महागड्या कार्बन फ्रेमचे स्वार, आपल्या सायकलीकडे कीव आल्यासारखे बघू लागतात. निदान आपल्याला तरी तसं वाटतं. आमच्या रविवारच्या टोळीत माझी क्लॅरिस (शिमानोचा सुरुवातीचा, आठ स्पीडचा) गिअरची ॲल्युमिनियमची सायकल सगळ्यात साधी. आता तिकडून भाचाही विचारतोय, "मामा, पार्ट बदलू की नवी रोड बाइक घेऊ?"

टायर बदल आणि गप्प बस, हे माझं पहिलं उत्तर.

सुरुवातीच्या सायकलीत कंपनी हमखास काटकसर करते ती टायरमध्ये. एकदा काढून हातात घ्या. कडेला तार असल्याने त्याची घडी होत नाही, बाजू दाबली तर जाड आणि ताठ लागते. चांगला टायर पट्ट्यासारखा गुंडाळता येतो. चाक फिरताना रबर दबतं नि सुटतं, त्यात आपली ताकद वाया जाते. लवचीक टायरमध्ये ती कमी जाते. फ्रेममध्ये आणि ब्रेकखाली जागा असेल तर 25 ऐवजी 28 मिमी रुंदीचा टायर घ्या आणि हवा थोडी कमी ठेवा. टायरवर छापलेला पीएसआय (हवेचा दाब) ही कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरायलाच हवी असं नाही. रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कडेला दाबणारे, असतील तर त्यांचे रबरी पॅडही बदला.

वजनाचं मात्र फार मनावर घेऊ नका. स्वार आणि सायकल मिळून 85 किलो धरा. एक किलो घटवला तर तासाभराच्या चढात वाचतात जेमतेम 40 सेकंद. सपाटीवर सगळं भांडण वाऱ्याशी, आणि वेग दुप्पट केला की वारा कापायला लागणारी ताकद आठपट होते. तिथे सायकलीपेक्षा आपली पाठ किती वाकते ते महत्त्वाचं.

गिअरपाशी आलात की थांबा. आठ स्पीडचे अकरा करायला नुसती कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच, पुरत नाही. शिफ्टर (हँडलवरची गिअर बदलायची कळ), डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग), चेन, बरेचदा क्रँक (पेडलचे दांडे) आणि हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) ती कॅसेट बसत नसेल तर मागचं चाकही आलं. कंपन्या हेच भाग घाऊक भावात उचलतात, म्हणून आपण एकेक घेत गेलो की हिशेब तयार सायकलीच्या घरात जातो. रिम ब्रेकच्या फ्रेमवर डिस्क ब्रेक बसवायला तर सोयच नसते. अशी यादी करावीशी वाटू लागली की नवी बघायला निघा. साइझचंही तेच. स्टेम (हँडल धरणारा दांडा) बदलून, सीट पुढेमागे करून थोडंफार सांभाळता येतं. पण फ्रेमच मोठी असेल तर तिच्यावर छदामही घालू नका.

नवी आलीच, तर सवयीची सीट आणि पेडल तिच्यावर चढवा. रिमच्या रुंदीला चालत असतील तर ते चांगले टायरही. जुनीला तिचे मूळ टायर परत घाला, मडगार्ड लावा आणि पावसात तीच बाहेर काढा.