तुम्ही विचारलंत म्हणून: रात्री फोटो कॉपी करत का बसतो

दिंडीतली मंडळी दरवर्षी विचारतात, "माउली, दिवसभर चालून पाय मोडलेत, बाहेर हरिपाठ चाललाय, आणि तुम्ही राहुटीत फोटो कसले कॉपी करत बसता? आपोआप वर जात नाहीत का ते?"

नाही जात. माळशिरसच्या मुक्कामी एवढ्या गर्दीत साधा व्हॉट्सअॅपचा निरोप जाता जात नाही, तिथे दिवसाचे सात-आठ जीबी कुठून जाणार?

पण खरं कारण रेंज नाही. 2019 साली पुरंदावड्याच्या गोल रिंगणात माझी आत्या डोक्यावर तुळस घेऊन धावली. वय 67. एक हात वृंदावनाला, दुसऱ्यात पदर गच्च धरलेला. अश्व धावून गेल्यावर तिने टापांखालची माती कपाळाला लावली, मग माझ्याही. हे सगळं मी टिपलं होतं. रात्री माळशिरसला कार्ड आणि पेनड्राइव्ह फोनला जोडले. बॅटरी आठ टक्के. मध्येच वायर हलली, मी पुन्हा खोचली. पेनड्राइव्हवर लहान लहान चित्रं ओळीने दिसली, सगळी. कार्ड फॉरमॅट केलं आणि झोपलो. दुसऱ्या दिवशी खुडूसच्या रिंगणात तेच कार्ड भरलं.

घरी येऊन फोटो मोठे केले. वर तुळशीची पानं, आत्याचं कपाळ, त्याखाली सपाट राखाडी. नऊच्या नऊ तसेच. कॅमेऱ्याच्या जेपेग फाइलमध्ये सुरुवातीलाच एक इवलं चित्र साठवलेलं असतं. फाइल अर्धवट उतरली तरी ते दिसतं आणि माणूस निर्धास्त होतो. फॉरमॅट केल्याने बहुतेक वेळा नुसती यादी जाते, फोटो कार्डावरच असतात, हेही मला नंतर कळलं. पण त्या जागेवर तोवर खुडूस बसलं होतं. रिकव्हरीवाल्याने हात टेकले.

2020 आणि 2021 ला पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. 2022 ला वारी पुन्हा पायी निघाली, तोवर आत्याचे गुडघे गेले होते.

म्हणून आता प्रत्येक फोटो उघडून पूर्ण मोठा करून बघतो. घरी पोचेपर्यंत एकही कार्ड फॉरमॅट करत नाही. भरलेली कार्डं कमरेच्या पिशवीत, पेनड्राइव्ह दिंडीच्या ट्रकमधल्या वळकटीत. दोन्ही एकत्र कधीच नाही.

दमला होतास, एवढं लावून घेऊ नकोस, असं स्वतःला कितीदा सांगून झालं. दमलो होतो हे खरं. पण वायर हललेली मी बघितली होती, हेही खरं.

हरिपाठ चुकतो हा तुमचा मुद्दा मात्र मला बोचतो. गेल्या वारीत आत्याला कसाबसा फोन लागला. पहिलंच वाक्य, "हरिपाठाला बसलास का रे?" मी हो म्हणालो. बाहेर टाळ वाजत होते आणि माझे अजून तीनशे फोटो बघायचे राहिले होते.