बूट उलटा करून बघायला शिकलो

वडिलांचं लेदर जॅकेट माझ्याकडे आलं तेव्हा त्याला वीस वर्षं होऊन गेली होती. गडद तपकिरी, कमरेपर्यंत आखूड, पितळी चेनचं. मुंबईत नोकरीला असताना त्यांनी ते धारावीतून घेतलं होतं. कोपरावर वळ्या पडल्यात, कॉलरचा रंग उडालाय, पण आजपर्यंत एक टाका उसवलेला नाही. आमच्या सोलापूरचा उन्हाळा सगळ्यांना माहीत आहे, पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे गाडीवरून तुळजापूरला निघालात तर जॅकेट लागतंच.

त्याच्याखाली मी कॅनव्हासचे बूट घालायचो आणि ते मला खटकायचं. अशा आखूड जॅकेटचं सगळं वजन खांद्या-छातीवर असतं. पायात पातळ तळाचं काही असलं की माणूस वरून जड आणि खालून मोकळा दिसतो. जाड तळाचे, घोट्याच्या वर जाणारे चामड्याचे बूट घ्यायचे ठरवलं.

पहिली खरेदी घाईत झाली. साडेचार हजारांचा जोड, आत 'जेन्युइन लेदर'चा शिक्का, तळाभोवती पांढऱ्या दोऱ्याची सुंदर शिलाई. हिवाळा निघाला. मे महिन्यात नळदुर्गचा किल्ला बघायला गेलो, गाडी आणि आम्ही दिवसभर उन्हात. परतताना एका हॉटेलापाशी पाय टेकवला तर डाव्या बुटाचा तळ पुढून उघडला होता, चार बोटं आत जातील एवढा. दुकानदार म्हणाला, सोलची गॅरंटी नसते.

सात रस्त्याजवळ बूट दुरुस्तीला बसणाऱ्या मामांकडे तो जोड घेऊन गेलो. माझं खरं शिक्षण तिथं झालं. मामांनी बूट तीन पायांच्या लोखंडी ऐरणीवर उलटा चढवला, रापीचं टोक तळाच्या कडेत घातलं आणि ओढलं. ती शिलाईची पट्टी अख्खी, साडीच्या फॉलसारखी निघून हातात आली. दोरे पट्टीच्या वरून खाली जात होते आणि तिथंच संपत होते. ते ना तळात गेले होते, ना वरच्या कातड्यात.

"ही शिलाई नाही मालक, नक्षी आहे," मामा म्हणाले. "सगळं सोल्युशनवर चिकटवलेलं. ऊन लागलं की ते ढिलं पडतंय."

मग त्यांनी आतला तळ उचकटला. तो दाबलेल्या पुठ्ठ्याचा होता. वरच्या कातड्याची कड कापून माझ्यासमोर धरली. वर प्लॅस्टिकसारखा चकचकीत पापुद्रा, खाली पिंजलेल्या कापसासारखं भुसभुशीत. जनावराच्या कातड्याचा वरचा, दाट धाग्यांचा थर मजबूत असतो. तो वेगळा काढून घेतला की खालच्या थराला रंगाचा लेप देऊन विकता येतं, आणि त्यालाही 'लेदर' म्हणायला हरकत नसते. शिक्का खोटा नव्हता, फक्त त्या शिक्क्यातून काहीच कळत नव्हतं.

चांगला बूट कसा असतो, हे मामांनी पाटावरच्या कोल्हापुरीवरून समजावलं. कोल्हापुरी चपलेचं जे भौगोलिक मानांकन आहे, त्यातल्या आठ जिल्ह्यांत आपला सोलापूरही आहे. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, आणि तळाचे थर चामड्याच्याच वादीनं शिवलेले. झिजलं की वादी काढायची, नवा थर शिवायचा. वेल्टच्या बुटाचं तत्त्व तेच. वरचं कातडं आणि आतला तळ यांना कडेनं चामड्याची एक पट्टी शिवतात, ती वेल्ट. बाहेरचा तळ नंतर त्या पट्टीला शिवतात. दोन वेगळ्या शिलाया. त्यामुळे तळ झिजला तर खालची शिलाई कापून नवा तळ बसतो आणि वरच्या कातड्याला सुईसुद्धा लागत नाही. चार्ल्स गुडइयर ज्युनियर यांनी 1870 च्या सुमाराला ही शिलाई यंत्रावर आणली, म्हणून तिला गुडइयर वेल्ट म्हणतात.

त्यानंतर दुकानात गेलो की मी बूट आधी उलटा करायचो. वेल्टवर दिसणारे टाके तळाखाली किंवा तिथल्या खाचेत दिसतात का? आतलं अस्तर उचललं तर चामडं दिसतं की पुठ्ठा? अंगठ्यानं दाबल्यावर बारीक, असमान सुरकुत्या येतात की प्लॅस्टिकसारखी एकच घडी? दुकानदार वैतागायचे. महिनाभर सोलापुरात आणि एकदा पुण्यात फिरून शेवटी आग्र्याच्या एका छोट्या कारागिराकडून मापानं शिवून घ्यायचं ठरवलं. साडेबारा हजार. घरी चर्चा झाली, पण तोपर्यंत मला कशाचे पैसे देतोय ते नीट माहीत होतं.

माप मामांनीच घेतलं, आणि संध्याकाळी घेतलं, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. जाड मोजे घालून मी कागदावर उभा राहिलो, दोन्ही पायांवर सारखं वजन. त्यांनी पेन्सिल अगदी उभी धरून कड काढली. माझा डावा पाय उजव्यापेक्षा चार मिलिमीटर लांब निघाला. तीस वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं! चवड्याचा घेर, मधल्या उंचवट्याचा घेर, घोट्याचा घेर, सगळं टेपनं मोजून लिहिलं. आपल्याकडचा नंबर साधारण ब्रिटिश धरतीचा असतो, अमेरिकन नंबर त्याहून एकानं जास्त येतो. म्हणून कारागिराला नंबर न कळवता मिलिमीटर कळवले.

घडणीत चेल्सी, म्हणजे बिनलेसचा, बाजूला इलॅस्टिक असलेला बूट, मला फार आवडायचा, पण ते इलॅस्टिक काही वर्षांत सैल पडतं, म्हणून लेसचा डर्बी निवडला. त्याच्या दोन्ही बाजू पूर्ण उघडतात, आपल्या रुंद चवड्याला ते बरं. उंची सहा इंच. पुढचा भाग साधा ठेवला, कारण डाव्या बुटावर गिअरचा दांडा रोज घासणार आणि तिथं जोडाची शिलाई असली तर तीच आधी जाणार. तळ रबरी. चामड्याचा तळ देखणा असतो, पण गुळगुळीत शहाबादी फरशीवर आणि पेट्रोल पंपावरच्या तेलकट जमिनीवर तो घसरतो.

रंगाचा विचार सगळ्यात शेवटी केला. जॅकेटचा आणि बुटांचा रंग तंतोतंत जुळवायला गेलं की गणवेश वाटतो. बूट जॅकेटपेक्षा एक छटा गडद घेतले. झळाळी मात्र जुळवली. जॅकेट मंद आहे, म्हणून बूटही पॉलिशनं चमकणारे नकोत. चेन पितळी म्हणून लेसच्या कड्याही पितळी मागितल्या. या कड्यांमुळे दोन्ही वस्तू एका घरातल्या दिसतात.

पाच आठवड्यांनी पार्सल आलं. खोका उघडला आणि थेट मामांकडे नेला. त्यांनी बूट उलटा केला, वेल्टवरून अंगठ्याचं नख फिरवत पूर्ण फेरी मारली, टाच हलवून पाहिली आणि म्हणाले, "हां. हा बूट आहे."

पहिले पंधरा दिवस बूट कडक होते. टाच आत किंचित उचलली जायची, डाव्या करंगळीला टोचायचं. रोज संध्याकाळी घरातच तासभर घालायचो. आतल्या तळाखाली कॉर्कचा थर असतो, तो हळूहळू पायाच्या आकाराचा दबतो, आणि टाचेचं उचलणं त्याबरोबर थांबलं. करंगळीचं मात्र आपोआप थांबलं नाही. मामांनी तेवढी जागा आतून ओलसर करून लाकडी फर्म्यावर रात्रभर ताणून दिली.

पुढच्या वर्षी जूनच्या पहिल्या पावसात भिजल्यावर मी ते गच्चीवर उन्हात ठेवले, तेव्हा मामा खरंच रागावले. ओलं कातडं उन्हात वाळलं की चिरतं. वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत ठेवायचे, दोन दिवस. आता दर दोन महिन्यांनी जुन्या बनियनच्या तुकड्यानं मेणाचं क्रीम बुटांनाही लावतो आणि जॅकेटलाही, एकाच बैठकीत.

यंदा जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर तीन संध्याकाळी हेच बूट पायात होते. त्यानंतर टाचेचं रबर बाहेरच्या बाजूनं तिरकं झिजल्याचं दिसलं. मामांनी जुनं उचकटून नवं बसवलं, अर्धा तास लागला. तळाला अजून निम्मा उंचवटा शिल्लक आहे.