शेजारच्या रांगेतली मुलगी

वर्गात एखाद्या मुलाचं निरीक्षण करायचं असलं की मी एकट्या त्याचंच करत नाही. त्याच वर्गातलं, शिक्षकांच्या मते काही अडचण नसलेलं एक मूल तुलनेला घेते. मागच्या बाकावर बसायचं, ठरावीक सेकंदांनी आळीपाळीने दोघांकडे बघायचं आणि तक्त्यात खूण करायची, कामात आहे की नाही. सबंध तासभर लक्ष तर कोणत्याच मुलाचं टिकत नाही, म्हणून तुलनेशिवाय त्या खुणांना अर्थ नसतो.

परळच्या एका मराठी शाळेत मी समुपदेशक आहे. त्या दिवशी सातवीच्या वर्गात गेले होते ती एका मुलासाठी. सारखं बाकावरून उठणं, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर ओरडणं, दुसऱ्याच्या कंपासपेटीत हात घालणं. तुलनेसाठी वर्गशिक्षिकेने शेजारच्या रांगेतली मुलगी दाखवली. "हिला घ्या. हिचा काही म्हणजे काही त्रास नाही."

गणिताचा तास होता. पूर्णांकांची गणितं फळ्यावर होती, खाली रस्त्यावर हॉर्नचा गलका. मुलगा अपेक्षेप्रमाणे चुळबुळत होता, पण चुळबुळता चुळबुळता लिहीतही होता. मुलगी ताठ बसलेली. नजर फळ्यावर, पेन हातात आणि पेनाला टोपण लावलेलंच. पहिली काही मिनिटं मी तिला 'कामात' धरलं, कारण लांबून तसंच दिसत होतं. मग फळा पुसला गेला, नवं गणित आलं, वर्गातल्या सगळ्या माना वह्यांत गेल्या आणि तिची नजर मात्र फळ्यावर तशीच राहिली. बाईंनी "झालं का?" विचारल्यावर ती दचकली, टोपण काढलं, तारीख लिहिली, तारखेखाली पट्टीने रेघ मारली, रेघ वाकडी आली म्हणून खोडली. तोवर तास संपला.

तक्ता मोजला. कामात नसल्याच्या खुणा मुलीच्या जास्त होत्या. ज्याच्यासाठी मी गेले होते, त्या मुलापेक्षा बऱ्याच जास्त.

मधल्या सुट्टीत तिच्या वह्या मागून घेतल्या. प्रत्येक धड्याची सुरुवात सुरेख अक्षरात आणि दोन-तीन ओळींनंतर कोरं पान. गणितं पाहिली. एका ठिकाणी उणे १८ पुढच्या ओळीत नुसते १८ झाले होते, आणि तिथून पुढची सगळी आकडेमोड बिनचूक. तीच रीत तोंडी विचारली, तिने झटकन सांगितली. मग म्हणाली, "बाई, मला येतं. लिहिताना मध्येच निघून जातं." प्रगतिपुस्तकात शेरे होते: 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही', 'अधिक मेहनत घ्यावी'. मेहनत कशी घ्यायची, हे कोणीच लिहिलं नव्हतं.

एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता यांची अडचण, म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तो बाकावरून उठणारा मुलगा येतो. त्यालाही ती अडचण आहेच, त्याचं काम वेगळं चालू आहे. पण निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या डीएसएम-५ या २०१३ सालच्या पुस्तिकेत लक्षणांचे दोन गट आहेत: नऊ लक्ष न टिकण्याची, नऊ अतिचंचलतेची आणि उतावीळपणाची. मुलांमध्ये कोणत्याही एका गटातली सहा पुरतात. मात्र ती निदान सहा महिने असावी लागतात, बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली असावी लागतात आणि एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसावी लागतात. म्हणजे एका जागी गप्प बसणाऱ्या मुलीलाही एडीएचडी असू शकतो, आणि तो सौम्य असतो असं मुळीच नाही. मुलींमध्ये हाच प्रकार बरेचदा असतो. त्या कोणाला त्रास देत नाहीत, म्हणून वर्षानुवर्षं कोणी विचारतही नाही. याचा मला मनापासून राग येतो.

आई आणि आजी भेटायला आल्या. आई डबे करून देते. घरी कसं असतं, असं विचारल्यावर आजीच बोलल्या, "दळण आणायला पाठवली तर डबा गिरणीतच ठेवून येते. परत पाठवली तर वाटेत मांजर बघत बसते. आळस, दुसरं काय!" आई जरा गप्प राहून म्हणाली, "पण मॅडम, रांगोळी काढायला बसली की दोन दोन तास उठत नाही. लक्षच नसतं तर हे कसं जमतं?"

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक पालक विचारतात आणि तो रास्तच आहे. या मुलांकडे लक्ष नसतं असं नाही. ते हवं तिकडे वळवणं आणि कंटाळवाण्या कामावर धरून ठेवणं त्यांना जमत नाही. रांगोळीत प्रत्येक रेघेचं फळ लगेच समोर दिसतं. स्वाध्यायाचं फळ महिन्याभराने प्रगतिपुस्तकात दिसतं. मेंदूत डोपामिन हे रसायन ज्या जाळ्यातून काम करतं, त्याचा यात मोठा वाटा आहे. आनुवंशिकताही खूप असते. काय करायचं ते या मुलीला माहीत असतं, करायच्या त्या क्षणी ते हाताशी येत नाही. त्यामुळे समजावून सांगण्याचा उपयोग थोडा. आजींना मी हेच सांगितलं. त्यांना पटलं असं नाही, पण त्या ऐकत होत्या.

निदान करणं माझं काम नव्हे. पालिकेच्या रुग्णालयातल्या बालमानसोपचार ओपीडीत त्यांना पाठवलं. आधी डोळे आणि कान तपासले. ती टक लावून बसते म्हणून डॉक्टरांनी ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेखही काढायला सांगितला, कारण फिट्सचा एक प्रकार तसाच दिसतो. तसं काही निघालं नाही. एडीएचडी रक्तातून किंवा स्कॅनमधून कळत नाही. घरची आणि शाळेची माहिती जुळवावी लागते. माझा तक्ता आणि तिच्या वह्या तिथे उपयोगी पडल्या.

मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीचं औषध सुरू झालं, तेव्हा आई घाबरून शाळेत आली. औषधवाल्याने चिठ्ठीची एक प्रत ठेवून घेतली होती. "नशेचं औषध आहे का हो?" हे औषध आपल्याकडे शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या यादीत येतं, त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लिहावी लागते आणि दुकानदाराला एक प्रत दोन वर्षं जपावी लागते, हे तिला कोणी समजावलंच नव्हतं. भूक आणि झोप यांवर लक्ष ठेवायचं आणि वजन-उंची डॉक्टरांना दाखवत राहायचं, हेही मग नीट लिहून दिलं.

वर्गात केलं ते साधंच. पहिला बाक. एका वेळी एकच सूचना. गणिताचा कागद दुमडून द्यायचा, म्हणजे समोर चारच गणितं दिसतात. प्रत्येक ओळीत चिन्हाला आधी गोल करायचा, मग पुढे जायचं. आणि तिची नजर फळ्यावर अडकली की बाई जाता जाता वहीवर बोट टेकवतात. बोलत नाहीत, नाव घेत नाहीत. गणित सुधारलं. इतिहासाच्या वह्या अजून अर्ध्याच आहेत.

पुढे दहावीचा प्रश्न आहेच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणितातली अडचण) आहे, स्वमग्नता आहे, एडीएचडीचं नाव नाही. ज्या मुलांना सोबत अध्ययन अक्षमताही असते, त्यांना त्या प्रमाणपत्रावर परीक्षेत जादा वेळ मिळतो. हिच्यासारख्या, फक्त लक्ष न टिकणाऱ्या मुलीने काय करायचं? वेळ तर तिलाही तेवढाच कमी पडतो. हे बदलायला हवं, असं मी प्रत्येक बैठकीत बोलते आणि बोलत राहणार.

शिक्षकांना आता मी आणखी एक गोष्ट मागते: ज्यांच्या वह्या सुरेख सुरू होऊन अर्ध्यावर थांबतात, अशा मुलांची नावं. पहिल्या यादीत चार जण आले. एकाला चष्मा लागला. एक मुलगी घरात खूप ताण असल्यामुळे रात्रभर झोपतच नव्हती. तिच्याशी वेगळं काम चालू आहे. उरलेल्या दोघींच्या वर्गात या आठवड्यात बसायचं आहे.