आमचं ‘अ+’ आणि बाईंचा लॅपटॉप

अर्जाच्या साइटवर वर उजवीकडे ‘अ-’, ‘अ’, ‘अ+’ ही बटणं मीच बसवली होती. क्लायंटच्या बैठकीत त्यांचंच कौतुक झालं. साइट सुरू झाल्यावर चाचणीसाठी एक निवृत्त शिक्षिका आल्या. मॅक्युला, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग, खराब झाल्याने त्यांना समोरचं मधोमध दिसत नाही, नजर तिरकी करून वाचतात. लॅपटॉप स्वतःचा आणला होता: विंडोजमध्ये ‘हाय कॉन्ट्रास्ट’ लावून काळ्यावर पिवळी अक्षरं, ब्राउझरमध्ये अक्षराचा आकार १६ ऐवजी २४.

आमच्या पानावर अक्षरं बारीकच राहिली. मी सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, १५ पिक्सेल ठोकून दिले होते. रेममध्ये, म्हणजे ब्राउझरमधल्या आकाराच्या पटीत, दिले असते तर आकार त्यांच्या २४ वरून मोजला गेला असता. ही चूक वर्षानुवर्षं सापडत नाही, कारण तपासताना आम्ही सगळे कंट्रोल-प्लस दाबतो, आणि झूमने पिक्सेलही वाढतात.

त्या टॅबची कळ दाबत एकेका रकान्यावरून पुढे गेल्या आणि थांबल्या. “मी आता कुठे आहे?”

आपण कुठे आहोत ते दाखवणारी फोकसची चौकट, म्हणजे आउटलाइन, डिझायनरला खुपते, म्हणून आम्ही ती काढून बॉक्स-शॅडोची, म्हणजे सावलीची, निळी कड दिली होती. हाय कॉन्ट्रास्टमध्ये ब्राउझर बॉक्स-शॅडो काढूनच टाकतो. पार्श्वभूमीचे रंगही जातात. आमचं ‘पुढे जा’ म्हणजे हिरवा रंग दिलेला डिव्ह, म्हणजे नुसता कप्पा, खरं बटण नव्हे. तो साध्या ओळीसारखा दिसू लागला. संमतीची चौकट टिक केली काय, न केली काय, सारखीच.

“बाई, वर ‘अ+’ आहे बघा.”

“अगं, प्रत्येक साइटवर असलं बटण शोधत बसू? मला काय लागतं ते मशीनला एकदा सांगून ठेवलंय.” मग म्हणाल्या, “हाच अर्ज मागच्या महिन्यात घरी भरायला घेतला होता. जमेना. वाटलं, डोळे आणखी गेले. शेवटी मुलाने भरला.”

दुरुस्तीला एक दुपार लागली. पिक्सेलचे रेम केले, डिव्हच्या जागी खरं बटण आणि खरा चेकबॉक्स आणला. आउटलाइन परत आणली, दोन पिक्सेलची, पण पारदर्शक. एरवी दिसत नाही. हाय कॉन्ट्रास्टमध्ये ब्राउझर तिला सक्तीने रंग देतो आणि चौकट लख्ख उठते. एका ओळीचं काम, पण मला त्याचा अभिमान आहे.

‘अ+’ अजून तिथेच आहे. शेजारी अक्षरांतलं अंतर वाढवायचं बटणही आहे, इंग्रजी साइटवरून उचललेलं. ते दाबलं की मराठीची शिरोरेषा तुटते. क्लायंटला दाखवता येईल अशीच सोय हवी असते.

बाईंना त्या दिवशीच सांगितलं, दोष आमच्या पानाचा होता. “बरं झालं सांगितलंस,” एवढंच म्हणाल्या. मधल्या महिन्यात त्या डॉक्टरकडे जाऊन आल्या होत्या का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.