गाडी धावतेय, पण कुडाळला जाणार का?

पावसाळ्यात पनवेलहून रात्रीच्या गाडीने कोकणात जायचं असलं की मी दुपारपासूनच गाडीच्या मागावर असते. १४ जुलै २०२४ ला, रविवारी, आईला घेऊन कुडाळला निघायचं होतं. संध्याकाळी कोकण रेल्वेच्या विन्हेरे आणि दिवाणखवटी या स्टेशनांच्या मधे दरड कोसळली, मार्ग बंद झाला. टीव्हीवर बातमी सुरू होती, पण आपल्या गाडीचं काय झालं ते टीव्ही सांगत नाही.

तिकीट मामांनी काढून दिलं होतं. म्हणजे रेल्वेचा मेसेज येणार तो त्यांच्या मोबाइलवर. म्हणून आधी त्यांनाच फोन केला, ‘काही आलं तर लगेच पाठवा.’

मग एनटीईएस, म्हणजे गाडी कुठे आहे ते दाखवणारं रेल्वेचं ॲप उघडलं. इथे तारखेकडे नीट बघावं लागतं. मुंबईहून रात्री अकराच्या सुमारास सुटलेली गाडी पनवेलला मध्यरात्रीनंतर येते. तिकिटावर पंधरा तारीख असते, पण गाडी चौदाचीच. ॲपमध्ये पंधरा निवडली तर दुसऱ्या रात्रीची गाडी दिसते, आणि ती अजून सुटलेलीच नसल्यामुळे वेळेवर दिसते!

रद्द गाड्यांच्या यादीत आमची गाडी नव्हती. आई म्हणाली, ‘मग जाऊया की.’ पण वळवलेल्या गाड्यांची यादी वेगळी असते आणि त्यात ती सापडली: पुणे, मिरज, लोंढामार्गे मडगाव. गाडी धावणार होती खरी, पण चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ ही स्टेशनं तिच्या वाटेवरच नव्हती. आईच्या वयाच्या माणसाला मडगावहून उलटं आणायचं, तेही अशा पावसात, हे मला पटेना. १३९ या रेल्वेच्या चौकशी क्रमांकावर फोन करून पुन्हा खात्री केली आणि पिशव्या परत आत ठेवल्या.

पैशांचं काम इथेच लक्षात ठेवावं. ई-तिकिटाची गाडी पूर्ण रद्द झाली तर पैसे आपोआप परत येतात. गाडी वळवली आणि आपलं स्टेशन वगळलं गेलं तर ७२ तासांत टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा ऑनलाइन अर्ज, भरावा लागतो. तीन तासांपेक्षा जास्त उशीर झाला म्हणून प्रवास करायचा नसेल, तर गाडी आपल्या स्टेशनवरून प्रत्यक्ष सुटण्याआधी टीडीआर भरायचा. या शेवटच्या अटीपायी अनेकांचे पैसे बुडतात. मामांच्या खात्यावरून तिकीट होतं, त्यामुळे टीडीआरही त्यांनीच भरला.

दुसऱ्या दिवशी मार्ग मोकळा झाला, पुढे आम्ही निघालो. मुसळधार पावसात समोरचं दिसेनासं झालं की या मार्गावर गाडी ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने न्यायची सूचना असते, त्यामुळे ॲपवरची पोहोचायची वेळ रात्रभर पुढे सरकत राहते. कुडाळला घ्यायला येणाऱ्या भाच्याला म्हणूनच सांगितलं होतं, ‘ॲप बघून निघू नकोस. रत्नागिरी सोडली की मी फोन करते, कणकवलीला पुन्हा करते, तेव्हा गाडी काढ.’