साठी जवळ आली? आधी रेशन कार्ड कपाटातून काढा

निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष उरलं की फंड, ग्रॅच्युइटी, पेन्शनची फाइल यांची धावपळ सुरू होते. आजारपणाचं काय, हा विषय मात्र 'सत्तरीला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं सरकारी कार्ड मिळतंच की' म्हणून बाजूला पडतो. मिळतं, पण सत्तर पूर्ण झाल्यावर. नोकरी सुटते 58 किंवा 60ला. मधली दहा-बारा वर्षं गुडघे आणि हृदय कुरकुरायला लागण्याचीच असतात, आणि त्या वर्षांत आपल्याकडे चालतं ते रेशन कार्ड.

रेशन कार्डावर मोफत उपचार देणारी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ही राज्याची. 2012मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने ती 8 जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा कोकणातला रायगड त्यात होता. 2017मध्ये नाव बदललं. पूर्वी दीड लाखाची मर्यादा होती, आता कुटुंबाला वर्षाला 5 लाख, आणि पिवळ्या-केशरीबरोबर पांढऱ्या कार्डालाही लागू. हप्ता नाही, जुन्या आजाराला वेटिंग पिरियड नाही. म्हणून सगळ्यांना वाटतं, करायचं काहीच नाही. अडतं ते कागदावरच्या नावांवर.

चाकरमान्याचं उदाहरण घ्या. पस्तीस वर्षं मुंबईत, रेशन कार्ड परळचं. निवृत्तीनंतर देवगडला परत. गावच्या कार्डावर थोरल्या भावाचं कुटुंब, यांचं नावच नाही. परळच्या कार्डावर धान्य कधी उचललेलं नाही, त्यामुळे त्याची ऑनलाइन नोंद झालीय का हेही कोणाला ठाऊक नाही. रुग्णालयात नुसतं जुनं पुस्तक दाखवून भागत नाही, ऑनलाइन नोंदीचा 12 अंकी क्रमांक लागतो. तो नसेल तर आजारी पडण्याआधी मिळवायचा. गावी कायमचं यायचं ठरलं असेल तर मुंबईच्या शिधावाटप कार्यालयातून नाव कमी केल्याचा दाखला घ्या आणि मग तहसीलदार कार्यालयाच्या पुरवठा शाखेत नाव चढवायला द्या. उलट क्रमाने गेलात तर आधार क्रमांक आधीच दुसऱ्या कार्डाला जोडलेला दिसतो आणि अर्ज अडकतो. नाव चढलं की रास्त भाव दुकानात ई-पॉस मशीनवर घरातल्या प्रत्येकाची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं. यासाठी गणपतीच्या आधीचा आठवडा बरा. घर भरलेलं असतं आणि कचेऱ्या अजून उघड्या असतात.

दुसरी अडचण अंगठ्याची. काजू सोलणाऱ्या बाईची बोटं टरफलातल्या तेलाने सोललेली, चिरेखाणीत राबलेल्याच्या ठशाच्या रेषा झिजलेल्या. मशीन तीनदा 'जुळत नाही' म्हणतं आणि माणूस घरी परततो. घरी परतायचं नाही. चेहरा किंवा डोळ्यांची पडताळणी मागायची. आधारला मोबाइल नंबर जोडलेला असेल तर ओटीपीचीही मदत होते. नंबर जोडलेला नसेल तर पोस्टमन घरी येऊनही जोडून देतो, पोस्टात सांगून ठेवायचं. नंबर मात्र स्वतःचा द्या. दुबईतल्या मुलाचा दिलात तर ओटीपी तिकडे वाजणार.

तिसरी, जन्मतारीख. आपल्या पिढीचे निम्मे वाढदिवस 1 जूनला असतात, शाळेत घालताना मास्तरांनी लिहिलेली तारीख ती. आधारवरही तीच असेल तर काही बिघडत नाही. पेन्शनच्या कागदावर एक आणि आधारवर दुसरी असेल तर मात्र आत्ताच मिटवा. आधारवर जन्मतारीख एकदाच बदलता येते, नाव दोनदा. त्यामुळे कच्च्या कागदावर घाई करू नका. दहावीचं प्रमाणपत्र, पासपोर्ट किंवा जन्मदाखला यांपैकी काहीतरी पक्कं हातात घेऊन जा. रेशनवर 'रघू', आधारवर 'रघुनाथ' हेही तेव्हाच एक करून घ्या.

आता सत्तरी. केंद्राचं आयुष्मान वय वंदना कार्ड ऑक्टोबर 2024पासून आहे. उत्पन्नाची अट नाही, रेशन कार्डाचा रंग कोणी विचारत नाही, आधारवरचं वय बघतात. आयुष्मान अ‍ॅपमध्ये लाभार्थी म्हणून मोबाइलवर लॉगिन, सत्तरीच्या वरच्यांची नोंदणी निवडायची, आधार क्रमांक, ई-केवायसी, समोर बसवून फोटो, पिनकोड आणि घरच्यांची माहिती. फोटो उजेडाकडे तोंड करून काढा. पडवीत पाठीमागून ऊन आलं की चेहरा काळा पडतो आणि आधारच्या फोटोशी जुळत नाही. अ‍ॅप जमत नसेल तर आशाताईंना विचारा.

हे 5 लाख घरातल्या सत्तरीवरच्या सगळ्यांत मिळून असतात. नवरा 72, बायको 66, सासूबाई 91 असं घर असेल तर नवरा आणि सासूबाई मिळून हे 5 लाख, बायको अजून रेशन कार्डाच्या योजनेतच.

केंद्राच्या पेन्शनरांनी मात्र जरा थांबावं. सीजीएचएस (केंद्रीय कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) आणि वय वंदना यांतलं एकच निवडता येतं, आणि सीजीएचएसमध्ये ओपीडी आणि औषधं आहेत, वय वंदनात नाहीत. गावात सीजीएचएसचं केंद्र नसेल तर ओपीडीसाठी महिना 1,000 रुपये भत्ता घेऊन दाखल होण्यापुरतं सीजीएचएस ठेवता येतं. हा पर्याय पुष्कळांना कोणी सांगतच नाही. लोटे किंवा महाडच्या कारखान्यातून निवृत्त होणाऱ्यांनी ईएसआयचं, म्हणजे कामगार राज्य विम्याचं बघावं. किमान 5 वर्षं विमाधारक असाल तर निवृत्तीनंतर वर्षाला 120 रुपयांत नवरा-बायको दोघांना उपचार मिळतात, ओपीडीसकट. ईएसआय असलं तरी सत्तरीला वय वंदना काढता येतं.

रुग्णालयात गेल्यावर पहिला माणूस आरोग्यमित्र, योजनेचा तिथला मदतनीस. त्याला 'हे हॉस्पिटल योजनेत आहे का' एवढंच विचारू नका. 'या आजारासाठी आहे का' असं विचारा. मान्यता विभागवार असते. हाडांसाठी असलेलं रुग्णालय हृदयासाठी असेलच असं नाही, आणि काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. दोडामार्गकडच्यांना जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा, म्हणजे ओरोसपेक्षा, गोवा सोयीचा. आयुष्मानचं कार्ड राज्याबाहेरच्या योजनेतल्या रुग्णालयातही चालतं, पण निघण्याआधी आयुष्मानच्या 14555वर फोन करून त्या विभागाची खात्री करून घ्या. योजनेकडून उपचाराची पूर्वपरवानगी येईपर्यंत रुग्णालयाने डिपॉझिट मागितलं तर पावती मागा आणि तिथूनच फोन लावा, राज्याच्या योजनेसाठी 155388. दोन्ही नंबर रेशन कार्डाच्या आतल्या बाजूला पेनाने लिहून ठेवा. रात्री दोन वाजता मोबाइल चार्ज नसतो.